दोन्ही पाय टेकणारी

आमच्या शाळेच्या स्टाफरूमच्या खिडकीतून नई सडकेचा एक तुकडा दिसतो. गेल्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा मी ऑफ तासाला त्या तुकड्याकडे बघत बसायचो आणि मोटारसायकली मोजायचो. सगळ्या नाही. उंच, दणकट, पुढे चोच काढलेल्या, बाजूला लोखंडी पिंजरे लावलेल्या, ज्यांना दुकानदार 'ॲडव्हेंचर' म्हणतात, फक्त त्या. हिमालयात जाण्यासाठी जन्मलेल्या या गाड्या आमच्याकडे समोशाच्या दुकानापुढे तिरक्या उभ्या असतात. आणि बघावं तर बहुतेक सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या.

मला त्याचा राग यायचा. भूगोल शिकवणाऱ्या, बावन्न वर्षांच्या, पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाला मोटारसायकलींच्या खपाचा राग का यावा, हे मला विचारू नका. यायचा. बसल्या जागी पाय हलायला लागायचे. शेजारच्या संस्कृतच्या बाई म्हणायच्या, "सर, टेबल हलतंय." मग मी उठून नकाशाच्या गुंडाळ्या लावायला जायचो आणि तिथेही उभ्या उभ्या टाच आपटत राहायचो.

त्या सगळ्यांच्या लाडक्या गाडीला मी थोरली म्हणतो, आणि बाजारात जिची तिच्याशी बरोबरी केली जाते तिला धाकटी. धाकटी हलकी, तेज, ब्रेक नेमके, पुढचा वेग दाखवणारा पडदा रंगीत. थोरली जड, जरा आळशी, म्हशीसारखी एका चालीने चालणारी. मी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर दोघींचा तक्ता केला होता. ताकद, वजन, स्प्रिंगा, टाकी, दिवा. एकेका रकान्यात धाकटीच जिंकायची. तरी लोक थोरलीच घेत होते. मग लोक काय बघून घेतात, हा प्रश्न मला जेवताना, शिकवताना, दाढी करतानासुद्धा सोडत नव्हता. एकदा नववीच्या वर्गात मोसमी वाऱ्यांचे दोन प्रवाह सांगता सांगता मी म्हणून गेलो की दोन्हींत अरबी समुद्राची शाखा जास्त खपते.

सगळे घेतात ते घ्यायचं नाही, हा माझा जुना बाणा आहे. पाटणकर बाजारात अख्खी आळी एका कंपनीचा टीव्ही घेत होती तेव्हा मी दुसराच घेतला. त्याचा रिमोट बिघडला तो कायमचा. आम्ही चॅनल बदलायला वर्षभर उठत होतो आणि मी त्याला व्यायाम म्हणत होतो. मग एक कपडे धुण्याचं मशीन आणलं. ते चालू झालं की स्वयंपाकघरातून हळूहळू चालत दारापर्यंत यायचं. आणि मग ती स्कूटर. मोठ्या चाकांची, उंच बांध्याची, शहरात तसली दुसरी नव्हती. तिसऱ्या वर्षी ती कंपनीच उरली नाही. माझी मुलगी म्हणते, "बाबा जिथे हात लावतात ना, वो कंपनी बैठ जाती है."

त्या स्कूटरबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्या घराण्यात दसऱ्याला सीमोल्लंघन खरोखर करतात. दख्खनमधून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेली माणसं आम्ही. आता कुणी मास्तर, कुणी बँकेत, पण दसऱ्याला शहराची शीव ओलांडायची, पलीकडच्या शमीच्या झाडाची पानं आणायची आणि मगच घरात सोनं वाटायचं, हे चुकलेलं नाही. शमीला इकडचे लोक छोंकर म्हणतात. आणि आमच्या घरातला नियम असा की शीव जोडीने ओलांडायची. वडील आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. ते म्हणायचे, एकट्याने ओलांडली तर अर्धीच ओलांडली. त्यांच्या वेळी शीव चुंगी नाक्यापाशी, म्हणजे जकातनाक्यापाशी, होती, सायकलने अर्ध्या तासात हात लावून परत येता यायचं. आता शहर दरवर्षी पुढे सरकतं आणि शीवही त्याच्यापुढे पळते.

गेल्या वर्षाच्या अकरा वर्षं आधी दसऱ्याला आम्ही दोघं त्या उंच स्कूटरवरून परत येत होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं. मी रांगेत थांबलो, डावा पाय खाली सोडला, आणि जिथे जमीन असायला हवी होती तिथे उतार होता. पाय जमीन शोधत राहिला. स्कूटर अगदी सावकाश, कुणाला घाई नसल्यासारखी, डावीकडे कलली आणि बायकोला घेऊन आडवी झाली. वेग शून्य. फाटकापाशी थांबलेले सगळे बघत होते. तिचं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घालावी लागली. ओच्यातली शमीची पानं रस्त्याभर झाली होती, आणि ती बसल्या बसल्या उजव्या हाताने ती गोळा करत होती, हे मला आजही दिसतं.

तेव्हापासून ती माझ्या मागे बसली नव्हती. भांडली नाही, बोलली नाही, टोमणासुद्धा मारला नाही. फक्त कुठेही निघायचं झालं की म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." आणि टेम्पोने, म्हणजे इकडच्या सहा आसनी रिक्षाने, यायची. दसऱ्याला ती दारात औक्षण करायची आणि मी एकटा जाऊन अर्धी शीव ओलांडून यायचो. अशा दहा अर्ध्या शिवा झाल्या होत्या.

तेव्हा गेल्या वर्षी मी नवी मोटारसायकल घ्यायची ठरवली, ती हिमालयासाठी नव्हती. तसं मी सगळ्यांना सांगत होतो, स्पीतीचा नकाशासुद्धा भिंतीवर लावला होता. पण मला हवं होतं ते एवढंच, की या दसऱ्याला तिने मागे बसावं. हे कुणाला सांगता येत नव्हतं, तिला तर मुळीच नाही. म्हणून मी स्प्रिंगांबद्दल बोलत होतो.

धाकटी माझ्या मेहुण्याकडे होती. हा बायकोचा सख्खा भाऊ, नया बाज़ारात राहतो, सहा फुटांचा, आणि माझ्याशी बोलताना नेहमी थोडा वाकून बोलतो, ते मला मान दिल्यासारखं वाटावं की उंची दाखवल्यासारखं, हे मी पंचवीस वर्षांत ठरवू शकलेलो नाही.

"दाजी, एक बार चलाके तो देखो," तो म्हणाला. "थोरली-बिरली सब भूल जाओगे. ती गाडी म्हणजे पेन्शनवाल्यांची."

"मला अजून आठ वर्षं आहेत पेन्शनला."

"तेच तर म्हणतोय. आत्ताच कशाला."

मी धाकटी चालवली. झाशी रोडला मोकळं लागल्यावर मूठ जरा पिळली, तर ती अशी सुटली की माझ्या पोटातली पोळी मागे राहिली. खड्डे आले आणि गेले, मला कळलेसुद्धा नाहीत. तासाभराने परत आलो तेव्हा मी तिशीतला झालो होतो. उतरताना मात्र एक पाय फुटपाथवर ठेवूनच उतरावं लागलं. सिग्नलला उभं राहताना मी बॅले नाचणाऱ्या बाईसारखा एका चवड्यावर तोललेला होतो. पण हे मी तक्त्यात लिहिलं नाही. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

मग दुकानात जाऊन थोरलीही चालवून पाहिली, ती केवळ न्यायबुद्धीने. विकणारा तरुण मागे बसला आणि पूर्ण रस्ताभर सांगत राहिला, "सर, दुकान से यही जाती है. बाकी तो बस आती हैं." गाडी निघाली ती धडधडत, आपल्या मनाने. मूठ पिळली तर ती विचार करून पुढे जायची. वळवायला जड. मला काहीच झालं नाही, ना पोट मागे राहिलं ना वय कमी झालं. परत येऊन थांबलो, पाय खाली टेकवले, आणि दुकानदाराला म्हणालो, "ठीक आहे, पण हिच्यात एवढं काय आहे?" तो म्हणाला, "सर, सब ले रहे हैं." मला वाटलं, हे तर कारण नव्हे, हा नुसता परिणाम.

घरी येऊन जाहीर केलं, धाकटी घेतोय.

मुलगी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली, "बाबा, सीट की हाइट देखी आपने? मामा लंबे हैं, तुम्ही नाही."

"आपल्या घराण्यात उंच गाडीच शोभते," मी म्हणालो आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर माझ्या आजोबांचा फोटो आहे. ते संस्थानच्या रिसाल्यात स्वार होते. फोटोत ते एका प्रचंड घोड्यावर बसलेले आहेत, मिशा, फेटा, सगळं जागच्या जागी. लहानपणापासून मी ऐकत आलो की आजोबा धिप्पाड होते. मी त्या फोटोखाली वाढलो, म्हणजे वयाने वाढलो. माझ्या उंचीचा दोष सगळेजण आजोळावर टाकायचे.

घट बसायच्या आधीच्या रविवारी बायको देवघरातली ट्रंक काढून बसली. खंडेनवमीला शस्त्रपूजा असते, त्याआधी तलवार आणि बाकीच्या वस्तू ती चिंच लावून घासते. मी समोर येरझाऱ्या घालत होतो, कारण सोमवारी गाडीची नोंद करायची होती, आणि धाकटीचा रंग लाल घ्यावा की करडा, यावर माझं मन दर दोन मिनिटांनी पलटत होतं.

"अहो, जरा एका जागी बसता का? मला भोवळ येतेय," ती म्हणाली.

मी बसलो. गुडघा हलत राहिला.

ती आजोबांच्या रिकिबी, स्वाराने पाय अडकवायच्या कड्या, घासत होती. पितळेच्या दोन, आणि एकीला अजून चामड्याची वादी होती, वाळून लाकूड झालेली. दरवर्षी आम्ही तिला हळदकुंकू वाहतो, पण कुणी नीट बघितलेलं नव्हतं. तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वादी उजेडाकडे धरली.

"ही भोकं बघितलीत?"

वादीला खाली कारखान्यातली एकसारखी भोकं होती, ओळीत. आणि त्यांच्याही वर, पार वर, आरीने हाताने पाडलेली आणखी तीन. वेडीवाकडी. बक्कल त्यातल्याही सगळ्यात वरच्या भोकावर बसून बसून तिथलं चामडं काळं पडलं होतं.

"म्हणजे?" मी म्हणालो, पण मला कळलं होतं.

"म्हणजे रिकीब पायापर्यंत वर ओढून घ्यावी लागायची मामंजींच्या वडिलांना. तुमच्याएवढेच असणार ते. एखाद बोट कमीच." तिने फोटोकडे बघितलं. "घोड्यावरच्या माणसाची उंची कशी कळणार फोटोत?"

मुलगी हसत हसत लॅपटॉप मिटून उठून आली. मी फोटोकडे बघत होतो. बावन्न वर्षं ज्या माणसामुळे मी स्वतःला घराण्यातला अपवाद समजत होतो, तो गुपचूप आरी घेऊन भोकं पाडत बसलेला मला दिसायला लागला. त्याचाही बहुधा पाय हलत असेल.

बायको पुन्हा घासायला लागली. घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जोरात चालवत नव्हता."

अकरा वर्षांत त्या दिवसाबद्दल ती प्रथमच बोलत होती. माझा गुडघा थांबला.

"लोक मला म्हणतात, नवरा फास्ट चालवत असेल. मी म्हणते, नाही हो, उभे होतो. मला वेगाची भीती नाही वाटत. तुम्ही थांबता तेव्हा वाटते." तिने रिकीब पाण्यात बुडवली. "तुम्ही दिवसभर ते स्प्रिंगचं सांगता, ब्रेकचं सांगता. थांबल्यावर दोन्ही पाय टेकतात का, ते कधी सांगितलं नाहीत."

मी म्हणालो, "थोरलीवर टेकतात."

"पूर्ण?"

"टाचेसकट."

"मग घ्या की ती."

"पण ती आळशी आहे. वजनदार आहे. आणि ती सगळेच घेतात."

"सगळे काही सहा फुटांचे नसतात," ती म्हणाली आणि उठून रिकिबी वाळवायला गॅलरीत घेऊन गेली.

त्या दुपारी मी पुन्हा हजेरीपट काढला आणि एक नवा रकाना आखला. मग सोमवारी स्टाफरूमच्या खिडकीत उभा राहून गाड्या नाही, माणसं बघितली. थोरलीवरून जाणारे बहुतेक माझ्यासारखेच होते. पोट सुटलेले, मागे बायको, मध्ये एखादी पिशवी, आणि नई सडकेच्या त्या खेळखंडोब्यात दर दहा पावलांना थांबायचं. थांबले की दोन्ही पाय जमिनीवर, पसरून, निवांत. जाहिरातीत ही गाडी कायम डोंगरावर चाललेली असते. विकली जाते ती थांबण्यासाठी. धाकटी चालवायला जास्त चांगली आहे, हे मी आजही कोर्टात शपथेवर सांगीन. पण माणूस गाडीवर जितका चालतो तितकाच थांबतो, आणि हे सगळ्या खरेदीदारांना माहीत होतं, फक्त एका भूगोलाच्या मास्तराला नव्हतं. निदान मी तरी असं मनाला पटवलं. काही लोक नुसते शेजाऱ्याने घेतली म्हणूनही घेत असतील. लोक अगदीच मूर्ख नसतात, पण मी मानायला लागलो होतो तेवढे शहाणेही नसावेत.

थोरली घेतली. करडी. मेहुणा बघायला आला, भोवती फिरला, सीटवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, शेवटी म्हैस आणलीत."

"दूध देते," बायको म्हणाली.

पण मागे बसण्याबद्दल ती काही बोलली नव्हती. 'घ्या की ती' म्हणाली होती, 'बसते' म्हणाली नव्हती. खंडेनवमीला तिने तलवारीबरोबर गाडीलाही कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी सारखा खाली जाऊन गाडी पुसत होतो. दसऱ्याला पहाटे उठून मी ती पुन्हा पुसली, पुसलेलीच. वर आलो तर ताम्हन दारात तयार होतं, म्हणजे औक्षण होणार, म्हणजे मी एकटा. मी पाटावर उभा राहिलो. तिने ओवाळलं. मग ताम्हन मुलीच्या हातात दिलं आणि आतून हेल्मेट घेऊन आली. अंगात सलवार-कमीज, पायांत बूट. हेल्मेट मुलीचं होतं, त्यावर मांजरीचं चित्र.

"असं काय बघताय? निघायचं ना?"

पहिल्या चौकात सिग्नल लाल होता. मी थांबलो. मागून आवाज आला, "टेकले?"

"टेकले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मग प्रत्येक थांब्याला हेच. टेकले, टेकले. गाईसाठी थांबलो, टेकले. मिरवणुकीसाठी थांबलो, टेकले. तेच रेल्वेचं फाटक आलं आणि अर्थातच बंद होतं. तिथे तिने विचारलं नाही. फक्त माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला, तो आगगाडी जाईपर्यंत तसाच राहिला. मी दोन्ही टाचा अशा रोवल्या होत्या की फाटक उघडल्यावर त्या उचलायला वेळ लागला.

पुढे कॉलन्या संपेनात. जिथे मागच्या वर्षी शेत होतं तिथे कमान होती. खूप पुढे गेल्यावर एक कच्चा रस्ता, आणि त्याच्या कडेला शमीचं झाड. ती उतरून पानं तोडायला गेली. मी म्हटलं, तोवर गाडी परतीच्या तोंडाला वळवून ठेवू. भुसभुशीत माती, थोडा उतार. मी पाय टेकले होते, दोन्ही, टाचेसकट. पण थोरली कलायला लागली की टेकलेला पाय नुसता साक्षीदार असतो. मी "अगं, अगं" म्हणत राहिलो, गाडीला, आणि ती अगदी सावकाश, ओळखीच्या चालीने डावीकडे आडवी झाली. मी बाजूला उभा राहिलो, धडधाकट, हातात काही नाही.

बायको झाडाखाली पानं घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मनात आलं, आता टेम्पो कुठून मिळेल, इथपर्यंत येतो का.

मी एकट्याने उचलून बघितली. हलली नाही. तक्त्यातला वजनाचा आकडा मला तोंडपाठ होता, पण आकडा हाताला लागला तो तेव्हा. म्हशी घेऊन चाललेले एक म्हातारे थांबले. "भाईसाब, मुँह मत करो उसकी तरफ. पीठ लगाओ, फिर उठेगी," ते म्हणाले. त्यांनी पाठ लावली, मी पाठ लावली, आणि तिसरी पाठ माझ्या शेजारी येऊन लागली तेव्हा मी वळून बघितलं. पानं तिने ओढणीत बांधली होती. पट्टी घातलेलं मनगट हँडलखाली होतं.

"ते मनगट काढ," मी म्हणालो.

"उचला," ती म्हणाली.

उठली. म्हातारे चार पानं घेऊन, राम राम करून गेले. तिने ओढणीच्या टोकाने माती पुसली.

"काय तुटलं?"

"काही नाही. आरसा फिरलाय."

"मग सरळ करा."

मी आरसा सरळ केला. माझी बोलायची हिंमत नव्हती, तरी सवयीने तोंडातून निघालंच, "तेच तर मी म्हणत होतो, धाकटी वजनाने—"

"अहो."

मी गाडीवर बसलो. मागे सीट दबली. ती बसली होती. खांद्यावर हात आला, पहिल्यापेक्षा हलका.

"इथे शीव ओलांडली का आपण?" तिने विचारलं.

मी पुढे बघितलं. झाडापलीकडे, शेताच्या मध्यावर, आणखी एका कॉलनीची पाटी रोवलेली होती.

"कुणास ठाऊक. नसावी अजून."

"टेकलेत ना दोन्ही?"

"टेकलेत."

"मग उचला आता," ती म्हणाली. "पुढे चला."